जपानी भाषेत प्रयत्न आणि सवयी कशा सांगाव्यात: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

जपानी भाषा सामर्थ्य परीक्षेच्या एन४ पातळीची तयारी सुरू झाली की विद्यार्थ्याला एकाच सुमारास चार रचना भेटतात: ‘योऽनि सुरु’, ‘योऽनि नारु’, ‘कोतोनि सुरु’ आणि ‘कोतोनि नारु’. कानाला त्या भावंडांसारख्या वाटतात, आणि वहीत बहुतेकांनी त्यांच्यासमोर ‘प्रयत्न करणे’, ‘सवय होणे’, ‘ठरवणे’ असे काहीतरी लिहून ठेवलेले असते. परीक्षेत रिकामी जागा भरताना मात्र हे अर्थ एकमेकांत मिसळतात. याचे कारण असे की बहुतेक पाठ्यसामग्री इंग्रजीतून समजावलेली असते आणि आपण त्या इंग्रजी अर्थाचे पुन्हा मराठी करून घेतो. वास्तविक या चारही रचनांना, आणि त्यांच्या शेजारच्या आणखी काही रचनांना, मराठीत इतकी जवळची रूपे आहेत की मधला इंग्रजी मुक्काम टाळला तर अर्धे काम आपोआप होते. उरलेल्या अर्ध्या कामात सावधगिरी लागते, कारण काही ठिकाणी मराठी रूप आपल्याला फसवतेही.

लिप्यंतराबद्दल प्रथम एक खुलासा. येथे ‘ऽ’ हे चिन्ह आधीचा स्वर लांबवावा हे दाखवते. ‘सुरु’ आणि ‘नारु’ यांतला शेवटचा ‘रु’ मुद्दाम ऱ्हस्व लिहिला आहे. मराठी शुद्धलेखनाच्या सवयीने तो दीर्घ करू नये. ‘मासु’ आणि ‘देसु’ यांतला शेवटचा उकार बोलताना जवळजवळ ऐकू येत नाही. सराव करताना ही वाक्ये जपानी लिपीतच लिहावीत. देवनागरी येथे केवळ वाचनाच्या सोयीसाठी आहे.

पायरी पहिली: क्रियापदाची तीन रूपे हाताशी ठेवा

वरच्या चारही रचनांच्या आधी क्रियापद येते, आणि ते सभ्य ‘मासु’ रूपात नव्हे, तर साध्या रूपात येते. त्यामुळे प्रत्येक क्रियापदाची शब्दकोशातील रूप, नकारार्थी ‘नाइ’ रूप आणि ‘करता येणे’ दाखवणारे शक्यतारूप अशी तीन रूपे अडखळल्याशिवाय यायला हवीत. पहिल्या गटातील ‘योमु’ (वाचणे) हे ‘योमानाइ’ आणि ‘योमेरु’ होते. दुसऱ्या गटातील ‘ताबेरु’ (खाणे) हे ‘ताबेनाइ’ आणि ‘ताबेरारेरु’ होते. अनियमित असलेल्या दोघांपैकी ‘सुरु’ (करणे) हे ‘शिनाइ’ आणि ‘देकिरु’, तर ‘कुरु’ (येणे) हे ‘कोनाइ’ आणि ‘कोरारेरु’ होते. सभ्यपणा वाक्याच्या शेवटच्या क्रियापदात एकदाच दाखवायचा असतो. ‘ताबेमासु योऽनि शिमासु’ असे म्हणणारा विद्यार्थी आदर दोनदा दाखवू पाहतो, पण वाक्य चुकते.

‘मासु’ रूपापुढे ‘योऽनि’ येते ते प्रार्थनेत. तोक्योतील युशिमा तेन्जिन किंवा फुकुओका प्रांतातील दाझाइफु तेन्मान्गूऽ या विद्येच्या देवतेच्या मंदिरांत परीक्षार्थी ‘एमा’ नावाच्या लाकडी पाट्यांवर आपली इच्छा लिहून टांगतात, त्यांत ‘गोऽकाकु शिमासु योऽनि’ (उत्तीर्ण होऊ दे) हे वाक्य हमखास सापडते. तेवढा अपवाद सोडला तर साधे रूपच वापरावे.

पायरी दुसरी: नुसती सवय सांगायला वेगळी रचना लागत नाही

नवशिके अनेकदा सवय म्हटली की लगेच मोठ्या रचनेकडे धावतात. ‘माइआसा रोकुजि नि ओकिमासु’ (रोज सकाळी सहा वाजता उठतो) हे साधे वर्तमानकाळातले वाक्य सवयीसाठी पुरेसे आहे. किती वेळा, हे क्रियाविशेषण सांगते: ‘इत्सुमो’ (नेहमी), ‘ताइतेइ’ (बहुधा), ‘योकु’ (बरेचदा), ‘तोकिदोकि’ (कधीकधी), ‘तामानि’ (क्वचित). ‘आमारि’ (फारसे), ‘होतोन्दो’ (जवळजवळ) आणि ‘झेन्झेन्’ (मुळीच) यांच्यानंतर मात्र क्रियापद नकारार्थी हवे. ‘होतोन्दो’ होकारार्थी वाक्यातही येतो, पण सवयीची वारंवारता सांगताना नवशिक्याने तो नकारार्थीच वापरावा.

सवय सध्याची, अलीकडे लागलेली असेल तर ‘ते इरु’ रूप अधिक शोभते. ‘साइकिन्, माइबान् हाशित्ते इमासु’ म्हणजे ‘अलीकडे मी रोज रात्री धावतो आहे’. या जागी मराठीतही अपूर्ण वर्तमानकाळ सहज येतो, त्यामुळे येथे अडचण येऊ नये.

पायरी तिसरी: ‘सुरु’ आणि ‘नारु’ यांचे नाते ओळखा

चार रचना पाठ करण्याआधी त्यांच्या शेवटच्या दोन क्रियापदांकडे पाहावे. ‘सुरु’ म्हणजे करणे. त्यात करणारा माणूस समोर असतो. ‘नारु’ म्हणजे होणे. त्यात झालेला बदल समोर असतो आणि तो कोणी घडवला हे मागे राहते. मराठीत ‘ठरवणे’ आणि ‘ठरणे’ यांत जो फरक आहे तोच येथे आहे. त्याचप्रमाणे ‘योऽ’ या शब्दात रीत, प्रकार, दिशा यांचा भाव आहे, तर ‘कोतो’ म्हणजे बाब किंवा गोष्ट, म्हणजेच बोट ठेवून दाखवता येईल असे काही. म्हणून ‘योऽनि’ असलेल्या रचना एखाद्या स्थितीकडे नेणाऱ्या असतात आणि ‘कोतोनि’ असलेल्या रचना एखादी बाब पक्की करतात. हे एकदा लक्षात आले की चारही अर्थ तर्काने काढता येतात: स्थिती घडवत राहणे, स्थिती घडून येणे, बाब ठरवणे, बाब ठरणे. माझ्या मते पुढच्या सर्व पायऱ्यांपेक्षा ही पायरी अधिक वेळ द्यावा अशी आहे, आणि नेमकी हीच घाईत सुटते.

पायरी चौथी: ‘योऽनि सुरु’, म्हणजे कटाक्षाने करणे

एखादी गोष्ट घडेल अशी काळजी घेणे, हा या रचनेचा गाभा आहे. त्यात प्रयत्न आहे, पण दरवेळी यश मिळतेच असा दावा नाही. चालू सवय सांगायची असेल तर ‘योऽनि शिते इरु’ हे रूप घ्यावे.

‘नारुबेकु यासाइ ओ ताबेरु योऽनि शिते इमासु.’ (होता होईल तो भाज्या खाण्यावर माझा कटाक्ष असतो.)

‘नेरु माए नि सुमाहो ओ मिनाइ योऽनि शिते इमासु.’ (झोपण्यापूर्वी स्मार्टफोन पाहणे मी कटाक्षाने टाळतो.)

‘नारुबेकु’ आणि ‘देकिरुदाके’ (शक्य तितके) हे शब्द या रचनेबरोबर वारंवार येतात, आणि तिच्या स्वभावाविषयी ते बरेच सांगून जातात. मराठीत ‘कटाक्षाने’, ‘आवर्जून’ किंवा ‘असे पाहणे’ हे प्रयोग तिच्या सर्वांत जवळचे आहेत. बोलण्यातल्या ‘बघतो’पासून मात्र सावध राहावे. ‘उद्या यायचे बघतो’ असे आपण म्हणतो तेव्हा ऐकणारा बहुधा समजून जातो की हा येणार नाही. ‘आशिता वा हाचिजि मादेनि कुरु योऽनि शिमासु’ या जपानी वाक्यात तशी पळवाट नाही. ‘उद्या आठच्या आत येईनच अशी व्यवस्था करतो’ इतके ते ठाम आहे. उलट ‘वेळेवर यायचे बघ’ या आज्ञेतले ‘बघ’ जपानी अर्थाशी नेमके जुळते.

आज्ञेचाच विषय निघाला आहे तर ‘योऽनि शिते कुदासाइ’ हे रूपही येथेच पाहू. डॉक्टर रुग्णाला ‘ओसाके ओ नोमानाइ योऽनि शिते कुदासाइ’ (मद्य घेणे टाळत चला) असे सांगतात, कारण ही सूचना आजपुरती नसून पुढे पाळत राहायची आहे. समोरच्या माणसाने आत्ता, या क्षणी करायच्या कामासाठी ही रचना चालत नाही. जेवताना मीठ हवे असेल तर ‘शिओ ओ तोत्ते कुदासाइ’ एवढेच म्हणावे. तेथे ‘तोरु योऽनि शिते कुदासाइ’ म्हटले तर ‘यापुढे मीठ देत जा’ अशी ताकीद दिल्यासारखे होईल.

लेखी किंवा औपचारिक बोलण्यात ‘सुरु’ऐवजी ‘कोकोरोगाकेरु’ (मनात धरून वागणे) हे क्रियापद येते: ‘माइनिचि इचिमान्पो आरुकु योऽनि कोकोरोगाकेते इमासु’ (रोज दहा हजार पावले चालण्याचे पथ्य पाळतो). दहा हजार पावलांची ही कल्पना मूळची जपानचीच; 1965 मध्ये तेथे ‘मान्पोकेइ’, म्हणजे ‘दहा हजार पावले मोजणारे यंत्र’, या नावाने पावले मोजण्याचे साधन बाजारात आले आणि पुढे तो आकडा जगभर पसरला.

पायरी पाचवी: ‘योऽनि नारु’, म्हणजे होऊ लागणे

पूर्वी नसलेली क्षमता किंवा सवय आता आली आहे, हे या रचनेने सांगतात. क्षमतेसाठी शक्यतारूप घ्यावे: ‘यात्तो निहोन्गो गा हानासेरु योऽनि नारिमाशिता’ (अखेर मला जपानी बोलता येऊ लागले). सवयीसाठी साधे क्रियापद पुरते: ‘कोदोमो गा उमारेते कारा, हायाकु काएरु योऽनि नारिमाशिता’ (मूल झाल्यापासून ते लवकर घरी येऊ लागले). ‘यात्तो’ (अखेर) आणि ‘दान्दान्’ (हळूहळू) हे तिचे नेहमीचे सोबती आहेत.

मराठीतले ‘लागणे’ येथे बहुतेक वेळा चपखल बसते, पण ‘पाऊस पडायला लागला’ यातले ‘लागणे’ निराळे आहे. तेथे क्रियेचा आरंभ सांगायचा आहे, सवय किंवा क्षमता नव्हे. म्हणून जपानीत ‘आमे गा फुरिदाशिमाशिता’ असे म्हणतात. कसोटी सोपी आहे: ‘लागणे’ काढून ‘आता नेहमी असे होते’ किंवा ‘आता असे करता येते’ हे शब्द घालून पाहावेत. अर्थ टिकला तरच ‘योऽनि नारु’ वापरावे. तसेच ज्या क्रियापदात बदलाचा अर्थ मुळातच आहे, उदाहरणार्थ ‘फुतोरु’ (लठ्ठ होणे) किंवा ‘नारेरु’ (सरावणे), त्यांना एकदाच झालेल्या बदलासाठी ही जोड देऊ नये; ‘फुतोरिमाशिता’ एवढे पुरते.

सवय सुटली असेल तर ‘नाइ’ रूपातला ‘नाइ’ बदलून ‘नाकु नारु’ करावे, हे अधिक रूढ आहे. ‘निकु ओ ताबेनाकु नारिमाशिता’ म्हणजे ‘मांस खाईनासा झाला’. मराठीतील ‘-ईनासा होणे’ हा प्रयोग या जपानी रूपाशी इतका तंतोतंत जुळतो की ‘दिसेनासे झाले’ याचे ‘मिएनाकु नारिमाशिता’ करताना विचारही करावा लागत नाही.

पायरी सहावी: ‘कोतोनि’च्या दोन रचना आणि त्यांची ‘ते इरु’ रूपे

‘कोतोनि सुरु’ म्हणजे स्वतः ठरवणे: ‘क्योऽ कारा, एरेबेऽताऽ ओ त्सुकावानाइ कोतोनि शिमासु’ (आजपासून लिफ्ट वापरायची नाही असे मी ठरवतो). हा निर्णय घेऊन काळ लोटला आणि तो अजून पाळला जात असेल तर ‘कोतोनि शिते इरु’ म्हणावे. ‘योरु कुजि कारा वा नानिमो ताबेनाइ कोतोनि शिते इमासु’ याला मराठीत ‘रात्री नऊनंतर काहीही न खाण्याचा माझा नेम आहे’ असे म्हणता येईल. ‘नेम’ हा शब्द येथे अगदी योग्य आहे, कारण तो स्वतःच स्वतःला घालून घेतलेला असतो. याच कारणाने सगळेच जे करतात त्यासाठी ही रचना वापरत नाहीत. ‘रोज जेवायचा माझा नेम आहे’ हे मराठीत जितके विनोदी वाटेल तितकेच जपानीतही वाटते.

‘योऽनि शिते इरु’ आणि ‘कोतोनि शिते इरु’ यांतली निवड परीक्षेत सर्वाधिक गोंधळ घालते. पहिल्यात कटाक्ष आहे, कधीतरी चुकले तरी वाक्य खोटे ठरत नाही. दुसऱ्यात नेम आहे, तो मोडला तर मोडला असेच म्हणावे लागेल. वाक्यात ‘नारुबेकु’ दिसले तर पहिली रचना, आणि एखाद्या दिवशी किंवा प्रसंगी निर्णय घेतल्याचा उल्लेख असला तर दुसरी, अशी खूण धरून चालावे.

‘कोतोनि नारु’ म्हणजे ठरणे. ‘शिगात्सु कारा ओऽसाका दे हाताराकु कोतोनि नारिमाशिता’ (एप्रिलपासून ओसाकात काम करायचे ठरले आहे). जपानमध्ये आर्थिक आणि शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने मार्चच्या सुमारास अशी वाक्ये कार्यालयांत सारखी कानावर येतात. स्वतःचे लग्न स्वतः ठरवलेले असतानाही ‘केक्कोन् सुरु कोतोनि नारिमाशिता’ असेच कळवण्याची पद्धत आहे. स्वतःचा निर्णय पुढे न करता घडलेली गोष्ट नम्रपणे सांगण्याची ती रीत आहे. आपल्याकडेही ‘लग्न ठरवले’ यापेक्षा ‘लग्न ठरले’ हेच तोंडात येते, तेव्हा हा संकेत मराठी माणसाला परका वाटू नये.

‘कोतोनि नात्ते इरु’ हे नियम, संकेत किंवा ठरलेली व्यवस्था सांगते. जपानमध्ये नव्याने राहायला गेलेल्या माणसाला ते बहुधा कचऱ्याच्या निमित्ताने प्रथम ऐकू येते: ‘मोएरु गोमि वा कायोऽबि नि दासु कोतोनि नात्ते इमासु’ (जळणारा कचरा मंगळवारी बाहेर ठेवायचा असतो). वार गावागावाप्रमाणे, प्रभागाप्रमाणे बदलतो. रचना बदलत नाही. उन्हाळी सुट्टीत जपानी मुले ज्या रेडिओ कवायतीला जातात आणि हजेरीच्या कार्डावर शिक्का मिळवतात, ती 1928 मध्ये सुरू झाली आणि आजही सकाळी साडेसहाला प्रसारित होते. त्या मुलांच्या दृष्टीने ‘साडेसहाला कवायतीला जायचे असते’ हे ‘कोतोनि नात्ते इरु’ आहे. त्यांच्यापैकी कोणी मोठेपणी स्वतःहून ती चालू ठेवली तर तेच ‘कोतोनि शिते इरु’ होते.

पायरी सातवी: ‘प्रयत्न’ या एका शब्दामागचे वेगळे अर्थ

आतापर्यंत टाळलेला शब्द आता घेऊ. ‘प्रयत्न करणे’ याला जपानीत ‘दोर्योकु सुरु’ असा थेट शब्द आहे, आणि ‘गान्बारु’ (नेटाने झटणे) तर सर्वांना ठाऊक आहे. परंतु रोजच्या बोलण्यात प्रयत्न बहुधा रचनेतून सांगितला जातो. मराठीतील ‘पाहणे’ हे क्रियापद येथे फार उपयोगी पडते. ‘करून पाहणे’ म्हणजे परिणाम कळावा म्हणून करणे. ते जपानीत ‘ते मिरु’ होते: ‘इचिदो ताबेते मिमासु’ (एकदा खाऊन पाहतो). योगायोग असा की ‘मिरु’चाही मूळ अर्थ पाहणे हाच आहे. ‘करू पाहणे’ म्हणजे क्रियेच्या उंबरठ्यावर असणे, बहुतेकदा ती पूर्ण न होणे; ते जपानीत क्रियापदाच्या इच्छारूपाला (जसे ‘आकेरु’चे ‘आकेयोऽ’) ‘तो सुरु’ जोडून सांगतात: ‘दोआ ओ आकेयोऽ तो शिमाशिता गा, आकिमासेन् देशिता’ (दार उघडू पाहिले, पण उघडले नाही). आणि ‘असे पाहणे’ म्हणजे चौथ्या पायरीवर पाहिलेले ‘योऽनि सुरु’. इंग्रजीच्या वाटेने गेलो तर या तिन्हींवर एकच शिक्का बसतो आणि मग चुका सुरू होतात.

प्रयत्नाचे उद्दिष्ट सांगायचे असेल तर नुसते ‘योऽनि’ पुरते: ‘कान्जि गा योमेरु योऽनि, माइनिचि रेन्शुऽ शिते इमासु’ (कांजी, म्हणजे जपानीतील चिनी मुळाची अक्षरे, वाचता यावीत म्हणून रोज सराव करतो आहे). ‘योऽनि’च्या आधी शक्यतारूप आहे हे ध्यानात घ्यावे; ‘योमु’ असे साधे, हेतुपूर्वक करायचे क्रियापद असते तर ‘तामेनि’ घ्यावे लागले असते.

सवयीच्या नामांत ‘शुऽकान्’ म्हणजे सवय आणि ‘कुसे’ म्हणजे खोड. लवकर उठणे हे ‘शुऽकान्’ असते, नखे कुरतडणे हे ‘कुसे’ असते (‘त्सुमे ओ कामु कुसे गा आरु’). संकल्प करून चार दिवसांत सोडणाऱ्याला जपानीत ‘मिक्का बोऽझु’, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू, म्हणतात. आपल्या नव्याच्या नऊ दिवसांशी तुलना करता जपान्यांनी मुदत बरीच कमी दिली आहे.

भूतकाळातील सवयीसाठी मराठीत ‘जायचो’, ‘खेळायचो’ अशी सोयीची रूपे आहेत. जपानीत त्यासाठी बहुधा ‘ते इता’ वापरतात, आणि आठवणीचा ओलावा हवा असेल तर ‘ता मोनो दा’: ‘कोदोमो नो कोरो, योकु कोनो कावा दे ओयोइदा मोनो देसु’ (लहानपणी आम्ही या नदीत खूप पोहायचो). ही रचना एन४ च्या पुढची आहे. तूर्त ओळखता आली तरी पुष्कळ.

पायरी आठवी: वाक्ये स्वतःच्या दिनक्रमातून बनवा

पाठ्यपुस्तकातल्या काल्पनिक पात्रांपेक्षा स्वतःच्या आयुष्यातले एक क्षेत्र निवडावे, जसे आहार, झोप किंवा अभ्यास, आणि त्याच क्षेत्रावर चारही रचनांत वाक्ये लिहावीत. उदाहरणार्थ अभ्यासाबद्दल: मी कटाक्षाने रोज ऐकण्याचा सराव करतो; मला आता बातम्यांतील वार आणि तारखा कळू लागल्या आहेत; रविवारी नवा धडा घ्यायचा नाही असा माझा नेम आहे; वर्गात फक्त जपानीत बोलायचे असते. विषय एकच राहिल्याने रचनांमधला फरक उठून दिसतो. प्रत्येक वाक्यानंतर आधी मराठीत विचारावे की हा कटाक्ष आहे, बदल आहे, नेम आहे की नियम, आणि मगच शेवट निवडावा.

कामाच्या ठिकाणी ही निवड किती महत्त्वाची ठरते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. उशीर झाल्याबद्दल वरिष्ठांची क्षमा मागताना ‘सुमिमासेन्. कोरे कारा वा ओकुरेनाइ योऽनि शिमासु’ (यापुढे उशीर होणार नाही याची काळजी घेईन) असे म्हणावे. उशीर होणे, विसरणे, पाय घसरणे या गोष्टी कोणी ठरवून करत नाही. त्या टाळण्याची काळजी तेवढी घेता येते, म्हणून तेथे ‘योऽनि’ योग्य आहे. त्याच जागी ‘ओकुरेनाइ कोतोनि शिमासु’ म्हटले तर अर्थ होतो ‘यापुढे उशिरा न येण्याचे मी ठरवले आहे’, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आजवरचा उशीरही ठरवूनच केलेला होता. वरिष्ठांनी आधीच ‘ओकुरेनाइ योऽनि शिते कुदासाइ’ असे बजावले असेल तर सगळे वाक्य परत उच्चारण्याची गरज नाही. ‘हाइ, कि ओ त्सुकेमासु’ (होय, लक्ष ठेवीन) हे उत्तर तेथे पुरते.